माळ शिल्लक होती

कार्डाचा वरचा कोपरा फाडलेला होता. वसतिगृहाच्या कारकुनाने ते बाकीच्या टपालापासून वेगळे, टेबलाच्या कडेला ठेवले होते आणि मला दारात पाहताच तो उगीचच खिडकीबाहेर बघू लागला. आमच्याकडे मृत्यूची बातमी लिहिलेल्या कार्डाचा कोपरा फाडतात. वाचणाऱ्याला वाचायच्या आधीच कळते, आणि वाचून झाले की ते कार्ड घरात ठेवायचे नसते. शेजारच्या मास्तरांच्या अक्षरात तीन ओळी होत्या. कौसाबाई मंगळवारी गेल्या, फार त्रास झाला नाही, परीक्षा बुडवून येऊ नये असे वडील सांगतात. "फार त्रास झाला नाही" ही ओळ मी अमरावतीच्या त्या व्हरांड्यात उभा राहून दोनदा वाचली आणि खरे सांगायचे तर मला थोडे बरे वाटले. आता ती ओळ आठवली की अंगाची आग होते. मास्तरांनी मुद्दाम खोटे लिहिले नव्हते. आमच्या घरी गेले महिनाभर जो तो काही ना काही चांगल्या मनाने खोटे बोलत होता, त्यातलेच ते एक. त्या सगळ्यांत पहिला खोटे बोलणारा मी होतो.

मला लेख लिहिण्याची सवय नाही. गेलेल्या माणसाविषयी लिहिताना राग आवरता घ्यावा, असे माझ्या एका प्राध्यापकांनी मला सांगितले. मी प्रयत्न केला, पण मग लिहिण्यासारखे काही उरेना. म्हणून जसे येते तसे लिहितो.

कौसल्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवरा वारला आणि ती भावाच्या घरी परत आली ती कायमची. अकोल्याहून पातूरकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचा मळा आहे. वांगी, मेथी, कोथिंबीर बाबांची आणि शेवंती, झेंडू, निशिगंध आत्याचा. ही वाटणी कोणी केली नव्हती, पण फुलांच्या वाफ्यांत पाणी सोडायचे असले की बाबा तिला विचारत. विहिरीजवळ पत्र्याची एक खोली आहे, तिला आम्ही फुलांची खोली म्हणतो. तिथे भिंतीला पाठ लावून, पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून आत्या हार बांधायची आणि सकाळी टोपली घेऊन अकोल्यात देवळापाशी बसायची. मी आमच्या घरातला कॉलेजात गेलेला पहिला मुलगा, आणि त्याचे कारण शाळा नाही, रद्दी आहे. फुलांचे पुडे बांधायला ती जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी आणायची. तिला वाचता येत नव्हते, पण माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतल्याशिवाय ती एकाही कागदात फूल बांधायची नाही. गिऱ्हाईक उभे असले तरी तिची घाई नसे. "कायच्यात बांधून राह्यली ते तं समजू दे," असे त्यालाच म्हणायची. गिऱ्हाईक वैतागले, तर तुझ्या देवाच्या डोक्यावर कोणाच्या खुनाची बातमी चढवू का, असे विचारायची. मी दुसरीत होतो तेव्हा अडखळत वाचायचो आणि ती दोरा ओढता ओढता थांबून राहायची. कोणाला काही न विचारता पुढे चालायचे नाही, हा तिचा स्वभाव होता. आणि अशा बाईला शेवटपर्यंत कोणी काही सांगितले नाही.

महाराष्ट्र राज्य झाले त्याच्या पुढच्या वर्षी तिच्या उजव्या बाजूच्या स्तनात गाठ निघाली. बरेच दिवस तिने ती लपवली, शेवटी माझ्या मायला सांगितले. बाबा तिला मुंबईला घेऊन गेले. तिथे ऑपरेशन झाले आणि मग पाच-साडेपाच आठवडे विजेचे शेक दिले. शेक म्हणजे किरण. दिसत नाहीत, लागत नाहीत, फक्त यंत्राखाली निजायचे. परत आली तेव्हा तिच्या छातीवर, गळ्याच्या हाडापासून काखेपर्यंत, जांभळ्या शाईने आखलेला चौकोन होता. किरण त्या रेघांच्या आत पडायचे, म्हणून शेक संपेपर्यंत ती जागा धुवायची नाही असे तिला बजावले होते. संपल्यावर धुतले तरी शाई पुष्कळ दिवस निघाली नाही. मायने विचारले तेव्हा ती हसून म्हणाली होती, "माह्या छातीवर वाफा आखला वं त्याइनं. आता काय पेरतेत पाहू."

काय पेरले होते ते आम्हाला सव्वा वर्षाने कळले. मुंबईहून येताना एक कागद मिळाला होता, त्यावर उपचार पूर्ण झाले असे लिहिले होते. मी तेव्हा मॅट्रिकला होतो. कागद मीच वाचला आणि घरात सगळ्यांना मोठ्या अभिमानाने अर्थ सांगितला. तो कागद अजून आहे. मी तो पुन्हा पुन्हा पाहिला आहे. किरण थांबले तरी त्यांचे काम थांबत नाही, महिन्यांनी, कधी वर्षांनी आतली चांगली जागाही सुजते, चिवट होते, आखडते... याचा एक शब्द त्यात नाही. कर्करोगातून वाचवल्याबद्दल मी त्या डॉक्टरांचे उपकार मानतो. पण ज्या बाईला तुम्ही आखून, मोजून भाजता, तिला पुढे काय होऊ शकते हे सांगायला किती वेळ लागला असता? ती वाचू शकत नव्हती, पण ऐकू शकत होती.

आधी कोरडा खोकला सुरू झाला. मग टोपली उचलली की दम लागायचा. त्या चौकोनातली कातडी वाळलेल्या चामड्यासारखी कडक झाली आणि उजव्या हाताची बोटे बधिर पडू लागली. हार बांधताना फूल गळून पडे आणि तिच्या लक्षातही येत नसे. अकोल्याच्या एका डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. त्यांनी फोटो पाहिला, बाबांच्या चिखलाच्या पायांकडे पाहिले आणि दारातच सांगून टाकले की रोग छातीत उतरला, आता घरी न्या आणि सेवा करा. आत्या बाहेर बाकावर बसली होती. तिच्या छातीला त्यांनी नळीसुद्धा लावली नाही. बाबा घरी आले आणि वांग्याच्या वाफ्यात जाऊन बसले. त्या दिवसापासून आमच्या घरात आत्या जिवंतपणीच अर्धी गेलेली होती. माय तिच्या ताटात आधी वाढू लागली. शेजारच्या बायका तिच्याशी हळू आवाजात बोलू लागल्या. एकदा ती मला म्हणाली, हे सारे माझ्याशी देवळात बोलल्यासारखे काहून बोलतात?

तोवर मी अमरावतीला शिकायला आलो होतो. सुट्टी संपवून जाताना मी तो छातीचा फोटो भुऱ्या लिफाफ्यात घालून बरोबर नेला. का नेला ते मलाही नीट सांगता येणार नाही. विज्ञान शिकणाऱ्या मुलाने काहीतरी करायला हवे असे वाटले असेल. तिथल्या सरकारी दवाखान्यात क्षयाचे रोगी पाहणारे एक डॉक्टर होते. तीन दिवस मी त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. चौथ्या दिवशी त्यांनीच मला हटकले. फोटो उजेडासमोर धरून ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग त्यांनी सावलीच्या कडेवर पेन्सिल ठेवली. कड सरळ होती. वरून खाली, पट्टी धरून ओढल्यासारखी.

"रोग असा दोरी लावून वाढत नाही," ते म्हणाले. "यांना किरण दिले होते का?"

मला तो जांभळा वाफा आठवला. रेघांच्या आत सावली होती आणि बाहेर फुप्फुस स्वच्छ होते. इतकी साधी गोष्ट. आमच्या मळ्यातल्या कोणालाही ती फोटो पाहून समजली असती, कारण पाणी वाफ्याच्या बांधाशी थांबते हे आम्ही रोज पाहतो. अकोल्याच्या डॉक्टरांनी पदर सारायला सांगितला असता तर त्यांनाही समजली असती.

डॉक्टरांनी आत्याला बोलावून घेतले, तपासले, जुने कागद पाहिले. मग त्यांनी मला समजावले की हा रोग परतलेला नसावा, ही किरणांनी मागे ठेवलेली इजा आहे. शंभर टक्के खात्री ते देऊ शकत नव्हते. जो भाग चिवट होऊन बसला तो मऊ होणार नाही, हाताची बोटेही बहुधा परत येणार नाहीत. पण जी सूज अजून ताजी आहे ती उतरवणाऱ्या गोळ्या आता मिळतात, त्या देऊन पाहू. बारीक, पांढऱ्या गोळ्या. रोज सहा. तीन आठवड्यांत खोकला अर्ध्यावर आला. ती आडवी होऊन झोपू लागली. विहिरीपासून घरापर्यंत टोपली घेऊन न थांबता आली, त्या दिवशी तिने मायला हाक मारून दारात उभे केले आणि पुन्हा मागे जाऊन पुन्हा चालून दाखवले. हात मात्र तसाच राहिला. मग तिने दोरा पायाच्या अंगठ्यात ताणून, फूल दातांत धरून, डाव्या हाताने गाठ मारायला शिकून घेतले. तिचे हार आता वेडेवाकडे होत. गिऱ्हाइकाने नाक मुरडले तर, देवाले काय हार घालून लग्नाले जायचं हाय, असे सुनवायची.

दोन महिन्यांनी तिला पुन्हा अमरावतीला नेले, तो दिवस मला जन्मभर पुरणार आहे. डॉक्टर म्हणाले, आता गोळ्या कमी करायच्या, पण अगदी सावकाश. तिला खोलीत बाकावर बसवून ते मला व्हरांड्यात घेऊन गेले. या गोळ्यांनी तोंड सुजल्यासारखे दिसेल, भूक फार लागेल, झोप कमी होईल, त्याला घाबरू नका, असे त्यांनी सांगितले. मग आवाज खाली आणून पुढचे वाक्य सांगितले. "शरीर स्वतःचं जे औषध बनवतं, ते या गोळ्यांमुळे झोपी गेलेलं असतं. हळूहळू कमी केल्या तर ते जागं होईल. एकदम बंद केल्या तर बाई जातील, हे लक्षात ठेवा."

दार उघडे होते. आत्या आमच्यापासून पाच पावलांवर बसली होती. हे वाक्य तिचे होते. तिच्या शरीराविषयी होते. त्यांनी ते मला सांगितले, कारण मी विजार घातली होती आणि हातात वही होती. आणि मी ते घेतले आणि स्वतःपाशी ठेवले.

बसस्थानकावर मी तिला सुजेचे सांगितले, भुकेचे सांगितले, गोळ्या कशा कमी करायच्या ते सांगितले. पंधरा दिवस पाच, पंधरा दिवस चार, असे एकापर्यंत. तिने सगळे ऐकून घेतले आणि तिच्या स्वभावाप्रमाणे नेमके तेच विचारले.

"अन् चुकली तं?"

मी समोर उभ्या बसकडे पाहिले. म्हणालो, "चुकू द्यायची नाही, एवढंच."

घरातल्या मोठ्या माणसासमोर त्याच्या मरणाचा शब्द काढायचा नसतो, हे मी लहानपणापासून पाहत आलो. आमच्याकडे कुंकू संपले असे म्हणत नाहीत, दिवा विझव असे म्हणत नाहीत. दोन वर्षे विज्ञान शिकूनही माझी जीभ त्या जागी तशीच अडली. तिने माझ्या तोंडाकडे क्षणभर पाहिले. तिला काहीतरी कळले असेल असे मला आता वाटते... पण तिनेही पुन्हा विचारले नाही.

घरी आल्यावर तिने रिठ्याच्या काळ्या बिया गोळा केल्या. एका जाड दोऱ्यात पंधरा बिया, मग कासाराकडचा एक लाल मणी, पुन्हा पंधरा बिया. पंच्याहत्तर बिया, चार मणी. बियांना भोके मी दाभणाने पाडली, ओवल्या तिने, डाव्या हाताने. दोऱ्याची दोन्ही टोके फुलांच्या खोलीतल्या दोन खिळ्यांना सैल बांधली. रोज सकाळी गोळ्या घेतल्या की एक बी डावीकडून उजवीकडे सरकवायची. लाल मणी आला की दुसऱ्या दिवसापासून एक गोळी कमी. जिला तारीख वाचता येत नव्हती तिने आपल्या उपचाराचे वेळापत्रक आपल्या धंद्याच्या रीतीने भिंतीवर टांगले. पहिला मणी ओलांडला तेव्हा तिने बोट लावून दाखवले आणि म्हणाली, हा हार मात्र सरळ झाला पाह्य.

दिवाळीला मी घरी होतो. तिचे तोंड चांगलेच गोल झाले होते. "माह्य तोंड पाह्य, झेंडूच्या गेंदावानी झालं," असे म्हणून ती स्वतःच हसत होती. शेजारच्या बायका मात्र हसत नव्हत्या. लांबलेल्या आजाऱ्याच्या तोंडावर सूज चढली की माणूस राहत नाही, असे आमच्याकडे धरून चालतात. बाबांनी मला गोठ्याजवळ गाठून विचारले, ही सूज कशाची? मी म्हणालो, औषधाची. तेवढेच म्हणालो. सुट्टी संपवून परत आलो तेव्हा मनात कुठेतरी टोचत होते, म्हणून घरी कार्ड लिहायला बसलो. पहिल्या कार्डावर मी डॉक्टरांचे ते वाक्य लिहिले. मग मनात आले, हे मास्तर मोठ्याने वाचणार, आत्या समोर बसलेली असणार, आणि कार्ड उघडे, पोस्टमनही वाचतो. ते कार्ड मी फाडले. दुसऱ्यावर लिहिले की गोळ्या वेळेवर घ्याव्यात, चुकवू नयेत, बाकी सर्व कुशल.

यापुढचे मी पाहिलेले नाही. मायने मला दहाव्या दिवशी, भांडी घासता घासता सांगितले, आणि सांगताना ती एकदाही वर बघत नव्हती. माझे कार्ड पोचले त्याच आठवड्यात परतवाड्याहून बाबांचे चुलतभाऊ, आमचे तात्या, भेटायला आले. तात्यांचा आमच्या नात्यात मान आहे. आजाऱ्याचे तोंड पाहून किती दिवस ते सांगतात, असे लोक म्हणतात. त्यांनी आत्याकडे पाहिले, बाहेर ओट्यावर आले आणि बाबांना म्हणाले, "सूज तोंडावर चढली. आता बाईचे हाल नोको करू. तिले जे खावं वाटते ते दे." आमच्याकडे ही रीतच आहे. माणूस जायला निघाला असे ठरले की त्याचे कडू औषध बंद करतात आणि त्याच्या आवडीचे त्याला खाऊ घालतात, म्हणजे तो गोड तोंडाने जातो. बाबांनी गोळ्यांची बाटली उचलून वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे ठेवली. तेव्हा ती रोज तीन गोळ्या घेत होती.

आणि मग नातेवाईक आले. कोणी बासुंदी आणली, कोणी सांजोऱ्या आणल्या, कोणी टोपलीभर सीताफळे. तिच्याभोवती बसून तिच्यासमोर डोळे पुसले. दोन महिन्यांपूर्वी टोपली घेऊन चालून दाखवणारी बाई तिसऱ्या दिवशी उठून बसेना. खाल्लेले पोटात राहीना. लोक म्हणाले, पाहा, तात्यांचे खरे ठरले. ती जितकी खचत गेली तितकी त्यांची खात्री पटत गेली आणि तितके जास्त गोड तिच्या तोंडाला लावले गेले. त्या सहा दिवसांत एकालाही फळीवरच्या बाटलीची आठवण झाली नाही.

झाली होती, एकीला. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने गोळ्या मागितल्या. बाबा म्हणाले, डॉक्टरांनी बंद सांगितल्या. माय सांगत होती, फुलांच्या खोलीकडे मान वळवून तिने बाबांना विचारले :

"मंग माळ काहून शिल्लक हाय?"

बाबा उठून मळ्यात गेले. त्या घरात त्या दिवशी पंधरा-वीस माणसे होती, आणि योग्य प्रश्न विचारणारी तेवढी एकच होती, जिच्यासाठी ते सगळे रडायला आले होते.

मी भांडी घासणाऱ्या मायपाशी तसाच बसून राहिलो. मग फुलांच्या खोलीत जाऊन बिया मोजल्या. डावीकडे एक्केचाळीस शिल्लक होत्या. परत आलो तर ओट्यावर तात्या कोणाला तरी सांगत होते की बाई पुण्यवान, गोड तोंडाने गेली. मला त्यांच्या अंगावर धावून जावेसे वाटले. मी गेलो नाही, आत जाऊन त्यांना पाणी नेऊन दिले. मी असाच आहे. हे लिहितानाही तेच मला सगळ्यात जास्त सलते.

अमरावतीला परत आल्यावर मी त्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकले आणि चष्मा काढून ठेवला. रोगाने नव्हे, असे ते म्हणाले. मग म्हणाले, "तुम्ही घरी सांगितलं नव्हतं का?" मी म्हणालो, नाही. आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या माणसासमोर माझा आवाज चढला. मी विचारले, ती पाच पावलांवर बसली होती, तुम्ही तिलाच का नाही सांगितले? ते रागावले नाहीत. रोग्याला असे सांगत नसतात, एवढेच म्हणाले. ते चांगले गृहस्थ आहेत. त्यांनी तिला साडेतीन महिने दिले, हे मी विसरणार नाही. पण रोग्याला सांगत नसतात, कार्डात लिहीत नसतात, बाकावरच्या बाईसमोर बोलत नसतात... या "नसतात"नी माझी आत्या नेली. कर्करोगाला ती पुरून उरली होती. किरणांच्या भाजण्यातूनही सावरत होती.

त्यानंतरच्या दुसऱ्या शनिवारी मी घरी गेलो. संध्याकाळी फुलांच्या खोलीत पाहिले तर माळ सरकलेली होती. बत्तीस बिया उरल्या होत्या. मला वाटले, कोणी पोराने खेळ केला. रविवारी उजाडताना मी विहिरीवर तोंड धुवायला गेलो तर बाबा खोलीतून बाहेर येताना दिसले. हातात फावडे नव्हते. ते मळ्याकडे गेल्यावर मी आत जाऊन मोजले. एकतीस.

माझा इतक्या दिवसांचा राग तिथेच विरघळला असता तर हा लेख लिहायला सोपा गेला असता. तो विरघळला नाही. उलट मला वाटले, ही माळ तिच्यासाठी तेव्हा का नाही सरकवली? मी तसाच वाफ्यात गेलो. बाबा शेवंतीला पाणी देत होते. मी त्यांना डॉक्टरांचे वाक्य जसेच्या तसे सांगितले, बसस्थानकावरचे सांगितले, फाडलेल्या कार्डाचे सांगितले. ते फावडे टेकून उभे राहिले. वाफा भरला, पाणी बांधावरून शेजारच्या वाफ्यात उतरू लागले. आमच्या मळ्यात बाबांच्या हातून बांध फुटलेला मी कधी पाहिला नव्हता.

"तुले माईत होतं," ते शेवटी म्हणाले. "अन् तू कार्डात कुशल लिवलं."

मी म्हणालो, हो.

त्यांनी मला मारले असते तर बरे झाले असते. त्यांनी वाकून बांध नीट केला, पाणी वळवले. संध्याकाळी ओट्यावर बसले असताना, माझ्याकडे न बघता, त्यांनी विचारले की अशा गोळ्या आणखी कोणाच्या घरी चालू असतील का. मी म्हणालो, असतील. किरणांच्या शेकानंतर देतात, दम्याला देतात, सांध्यांना देतात, आता पुष्कळ ठिकाणी देतात. ते म्हणाले, "मंग पेपरात लिव. मी बंद केल्या असं लिव. झाकू नोको."

म्हणून हे लिहिले. ज्यांच्या घरी अशा गोळ्या चालू आहेत त्यांनी त्या आपल्या मनाने एकदम थांबवू नयेत, तोंड सुजले तरी थांबवू नयेत, कोणी कितीही मानाचा माणूस सांगो. एकदम थांबवल्या तर माणूस मरतो. हा शब्द मी तेव्हा लिहायला हवा होता. ही पुरवणी रविवारी मास्तर आमच्या ओट्यावर मोठ्याने वाचतील, आणि पुढच्या आठवड्यात ती अकोल्यात कुठेतरी फुलांच्या पुड्याला लागेल. ज्याला तो पुडा मिळेल त्याने बांधण्याआधी नाही तर सोडल्यावर तरी वाचावे.

सोमवारी सकाळची बस होती. निघण्याआधी मी फुलांच्या खोलीत गेलो तर बाबा माळेसमोर उभे होते. ते मला पाहून मागे सरकले नाहीत. त्यांनी एक बी उजवीकडे ढकलली आणि बोट लाल मण्यापाशी थांबले.

"मणी आला," ते म्हणाले. "आता कितीवर आली असती बाई?"

"दोन," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली, मणीही उजवीकडे सारला आणि पाणी सोडायला गेले.